शेतात परदेशी पक्षी उतरले की जमीन सरकारजमा होते?

‘शेततळ्यावर स्थलांतरित पक्षी दिसले तर कुणाला सांगू नका, अभयारण्य लागेल आणि सातबारा जाईल.’ हा मेसेज दर हिवाळ्यात फिरतो. जमीन जाण्याची भीती समजण्यासारखी आहे. पण नुसते पक्षी उतरल्याने मालकी बदलत नाही.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. अभयारण्य करायचं तर आधी राजपत्रात अधिसूचना निघते, त्यात हद्द लिहावी लागते. मग जिल्हाधिकारी हक्कांची चौकशी करतात आणि दावे मांडायला दोन महिने मिळतात. खाजगी जमीन घ्यायचीच ठरली तर मोबदला देऊन, रीतसर संपादन करावं लागतं.

मालकाला स्वतःहून जागा राखायची असेल तर कलम ३६-ग आहे: समुदाय राखीव क्षेत्र. मालकी तुमचीच राहते. मात्र एक अट फॉरवर्डमध्ये कधीच नसते. घोषणेनंतर जमिनीचा वापर बदलायला व्यवस्थापन समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मंजुरी लागते. सही करण्याआधी हे वाचाच.

सिंचनासाठी खोदलेलं शेततळं पाणथळ जागांच्या संरक्षणासाठीच्या २०१७ च्या नियमांतही बसत नाही. पक्षी मारणं किंवा पकडणं मात्र स्वतःच्या बांधावरही गुन्हाच.

खात्री करायची तर ताजा सातबारा काढा, ‘इतर हक्क’ रकाना आणि फेरफार बघा. अधिसूचनेत आपला गट क्रमांक किंवा हद्द येते का तेही तपासा.

आणि पक्षी यावेत असं वाटत असेल, तर प्लास्टिक अंथरलेल्या उभ्या काठावर तुतारी (उथळ पाण्याच्या काठाने चरणारा छोटा पक्षी) टिकत नाही. एका बाजूला मातीचा सौम्य उतार आणि उथळ पाणी ठेवा.