खानदेशचा फुलबाजार: फूल बाहेरचं, बांधणी घरची

जळगावात किंवा धुळ्यात आज लग्नाची सजावट ठरते तेव्हा यादीत जरबेरा, कार्नेशन, ऑर्किड आणि डच गुलाब हमखास असतात. यातलं एकही फूल खानदेशच्या उघड्या शिवारात मे महिना काढू शकत नाही. भुसावळ-जळगावकडे पारा 45 अंशांच्या पुढे जातो आणि दुपारी दोन वाजता गुलाबाची गड्डी तासाभरात मान टाकते. तरीही फुलांची दुकानं आहेत आणि वाढताहेत. या भागात फूल फारसं पिकत नसताना फुलाऱ्याचा धंदा पिढ्यान् पिढ्या टिकला, कारण त्याचं भांडवल फुलात कमी आणि पान, दोरा, वेळ सांभाळण्याच्या कसबात जास्त होतं.

खानदेशातला फुलांचा सगळ्यात जुना मोठा व्यवहार तर हाराचा नव्हताच. सातपुड्यातली भिल्ल आणि पावरा कुटुंबं चैत्राच्या आसपास पहाटे मोहाखाली पडलेली फुलं वेचतात, वाळवतात, खातात, दारू गाळतात, उरलेली बाजारात आणतात. धडगाव-अक्कलकुव्याकडे हे आजही चालतं. फुलबाजाराचा इतिहास सांगताना मोहाला कोणी धरत नाही, ते मला पटत नाही. इथे फूल तोलून विकायची सवय बहुधा देवळापेक्षा जंगलाने लावली असावी.

शहरी फुलांची गोष्ट बऱ्हाणपुरापासून सुरू करावी लागते. आज ते मध्य प्रदेशात असलं तरी फारुकी सुलतानांच्या काळात खानदेशची राजधानी तिथेच होती. 1601 मध्ये जवळचा असीरगड किल्ला पडल्यावर अकबराने हा प्रांत मुघल सुभा केला. बऱ्हाणपूर बागांनी नटलेलं आहे, तिथे चंदनही होतं, अशी नोंद आईन-ए-अकबरीत सापडते. बाग आली की बागवान आला, आणि दरबार, दर्गे, देवळं यांना रोज ताजी फुलं पुरवणारी माणसं आली. दर्ग्यावरची फुलांची चादर आणि नवरदेवाचा सेहरा ही कामं बारीक, वेळखाऊ आणि मापाची. चादर म्हणजे माळांचं जाळंच असतं, एक सर सैल पडला तर सगळी ओघळते. खानदेशच्या मुस्लिम वस्त्यांतल्या फूलवाल्यांच्या हातात हे कसब आजही दिसतं.

1818 मध्ये इंग्रजांचा अंमल आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा पहिला कलेक्टर धुळ्यात बसला. त्याने नव्या पेठेची आखणी केली, व्यापाऱ्यांना वसायला जागा दिल्या. धुळ्याच्या त्या सरळ, नंबरांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या आजही गावकऱ्यांच्या तोंडी आहेत, आणि जुन्या गावात एक फुलवाला चौकही आहे. पेठ उभी राहिली की देवळं, लग्नं, सावकारांच्या घरच्या पूजा हे सगळं मागोमाग येतं. रोजचं गिऱ्हाईक बांधलेलं असलं तरच फुलासारख्या नाशिवंत मालाचं दुकान चालतं, हा हिशोब तेव्हाही तोच होता.

धंदा कोणाच्या हातात होता? माळी समाजातले फुलमाळी हे उघड उत्तर. शेतात फूल लावणं, घरी बायकांनी हार गुंफणं, पुरुषांनी पाटी डोक्यावर घेऊन रतिबाच्या घरांना फुलपुडी पोचवणं, अशी ती साखळी होती. पुडी पळसाच्या किंवा केळीच्या पानात, वर एक दोरा, आत दोन झेंडू, चार कण्हेरीची, थोडी तुळस आणि दुर्वा. महिन्याला किंवा सुगीला हिशोब. महादेवाच्या देवळातला बेल आणि पत्रावळी गुरवाकडे. मारुतीच्या शनिवारची रुईची माळ मात्र खेड्यातून येणाऱ्या बायका बांधावरच्या झाडाची पानं तोडून करत. त्यांना कोणी फुलारी म्हणालं नाही, पण देवळाबाहेरचा निम्मा माल त्यांचाच असे. जळगावात कपड्यालत्त्यासाठी गजबजणाऱ्या मार्केटला ज्या महात्मा फुल्यांचं नाव आहे, त्यांच्या घराण्यालाही हे आडनाव पेशव्यांना फुलं पुरवल्यामुळेच मिळालं होतं. फुलांच्या धंद्यातून माणूस कुठवर गेला, याचं त्याहून मोठं उदाहरण महाराष्ट्रात नाही.

आता दोऱ्याकडे येऊ, कारण खानदेशची खरी करामत तिथे आहे. रावेर, यावल, चोपडा हा केळीचा पट्टा. घड कापल्यावर उरलेल्या खांबाची बाहेरची सालं वाळतात, ते सोपट. हे सोपट रात्री पाण्यात भिजवायचं, सकाळी नखाने उभं फाडायचं, की हाताला लागेल तेवढ्या जाडीचा दोरा निघतो. गजरा बांधणारी बाई त्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवते, दोन कळ्या उजवीकडे, दोन डावीकडे, देठावर एक वेढा, एक गाठ, आणि पुढे सरकते. सुई नाही, कात्री नाही. ओल्या सोपटाचा फायदा असा की ते देठ कापत नाही आणि स्वतः ओलं राहून कळीलाही थोडा ओलावा देतं. नायलॉनचा दोरा स्वस्त, न तुटणारा, पण मोगऱ्याचा नाजूक देठ त्यात दुपारपर्यंत चिरतो. हल्ली सोपटाने बांधणारे कमी झाले, कारण सोपट फाडायला बसणारं माणूस कमी झालं. केळी काही कमी झालेली नाही.

केळीचा उपयोग तिथेच संपत नव्हता. मांडवाच्या दाराला केळीचे खांब, सत्यनारायणाच्या चौरंगाला चार खांब, पाटीच्या तळाला केळीचं पान, म्हणजे फुलं तापलेल्या बांबूला टेकत नाहीत. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई ही खानदेशची देवी बसते तेव्हा तर ही सगळी कला एका चौरंगावर उभी राहते. नारळाला नथ, डोळे, दागिने, वर केळीच्या पानांची छत्री, भोवती फुलांच्या माळा, आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर विसर्जन. सजावट भाऊबंदकीतली माणसंच करतात. कोणाच्या घरची कानबाई कशी सजली यावर पुढचे आठ दिवस बोललं जातं, नावं ठेवली जातात, पुढच्या वर्षी सवाई करायचं ठरतं. खानदेशात फुलांची सजावट करणारे जे तरुण आज व्यवसायात आहेत, त्यांतल्या कित्येकांनी पहिला हात कानबाईच्या किंवा गणपतीच्या मखरावरच चालवला असणार.

मोठ्या मापाची सजावट रथांमुळे आली. जळगावचा श्रीराम रथोत्सव संत अप्पा महाराजांनी 1872 मध्ये सुरू केला. कार्तिकी एकादशीला केळीचे खांब आणि झेंडूच्या माळांनी लपेटलेला उंच रथ जुन्या गावातून ओढला जातो, आणि वाटेत लालशा बाबांच्या समाधीवर चादर चढते. रथाचा हार आणि समाधीची चादर एकाच दिवशी, एकाच गावात तयार व्हायची, म्हणजे दोन्ही परंपरांचे कारागीर एकमेकांचं काम पाहत आले. अमळनेरला सखाराम महाराज संस्थानचा वैशाखातला रथ, पारोळ्याला बालाजीचा रथ. वैशाखातला रथ सजवणं सगळ्यात कठीण, कारण सकाळी बांधलेली माळ संध्याकाळपर्यंत टिकवायची तर जाड पाकळीचं फूल आणि भरपूर हिरवा पाला याशिवाय इलाज नाही. खानदेशी तोरणात आंब्याचं पान इतकं जास्त आणि फूल इतकं मोजकं का, याचं उत्तर या उन्हात आहे.

मोगरा मात्र या उन्हाला पुरून उरला. तो फुलतोच मुळी उन्हाळ्यात, ऐन लग्नसराईत. कळी सूर्य उगवायच्या आत तोडायची, ओल्या फडक्यात ठेवायची, दुपारपर्यंत गजरे बांधून संपवायचे. कळ्या संध्याकाळी हळदीच्या वेळेला आपोआप उमलतात.

रेल्वेने भूगोल बदलला. 1860 च्या दशकात मुंबईहून निघालेला लोहमार्ग नाशिक, चाळीसगाव, जळगाव करत भुसावळला पोचला. 1900 मध्ये चाळीसगाव-धुळे फाटा सुरू झाला. नाशिकच्या थंड हवेतला गुलाब आणि जळगावचं गिऱ्हाईक एकाच रुळावर आले. पुढे 1948 पासून एसटी आली, आणि टपावरच्या करंड्यांतून फुलं तालुक्याच्या गावापर्यंत जाऊ लागली. फुलमाळ्याची शेतापासून दुकानापर्यंतची साखळी इथे तुटली. आता दुकानदार शेतकरी असण्याची गरज उरली नाही, पहाटे स्टँडवर जाऊन माल उतरवून घेणारा कोणीही फुलांचं दुकान काढू शकत होता.

एक प्रसंग मात्र खानदेशच्या सजावटीच्या इतिहासात वेगळा काढून ठेवण्यासारखा आहे. डिसेंबर 1936 मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. गांधीजींनी सजावटीसाठी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना बोलावलं, आणि अट घातली की खेड्यात मिळेल त्याच वस्तूंतून काम करायचं. बोस यांनी बांबू, गवत, माती यांतून कमानी आणि मंडप उभे केले, अध्यक्षांसाठी बैलांनी ओढायचा रथ सजवला. देशातला एक मोठा चित्रकार केळीच्या पट्ट्यात येऊन स्थानिक साहित्याने मंडप सजवून गेला, हे जळगावच्या किती डेकोरेटरांना ठाऊक असेल? आज "रस्टिक थीम" म्हणून जे जादा पैसे घेऊन विकलं जातं, ते फैजपुरात तेव्हाच होऊन गेलं होतं.

दसऱ्याचा झेंडू आपल्याला वेदकाळापासूनचा वाटतो. मूळचा तो मेक्सिकोचा, पोर्तुगीजांच्या काळात इकडे आला. गुलछडीही तिथलीच. पण झेंडू खानदेशात असा रुजला की खंडेनवमीला शेतीची अवजारं, ट्रॅक्टर, दुकानाचं शटर, सगळ्यांना तोच. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून जळगाव हे ठिबक सिंचनाचं केंद्र बनलं आणि कमी पाण्यात झेंडू घेणं सोपं झालं. शिवाय त्याच्या मुळांतून स्रवणाऱ्या द्रव्याने जमिनीतल्या सूत्रकृमी, म्हणजे मुळांना लागणारे बारीक कृमी, कमी होतात, म्हणून केळीच्या बागेत तो लावायची शिफारस कृषी शास्त्रज्ञ करतात. अडचण भावाची. सगळ्यांचा माल एकाच दोन दिवसांत बाजारात येतो. अष्टमीला सकाळी चढा भाव असतो, दसऱ्याला दुपारी ढीग रस्त्यावर टाकून ट्रॅक्टर रिकामा परत जातो. शेतकरी आता स्वतःच चौकात बसून विकतात, आणि नेहमीचा फुलारी त्या दोन दिवसांत सुटी फुलं विकण्यापेक्षा बांधलेल्या लडी आणि तोरणांवर भर देतो. बरोबरच आहे, फुलात तो शेतकऱ्याशी बरोबरी करू शकत नाही, बांधणीत करू शकतो.

नव्वदच्या दशकात बुके आला. वाढदिवस, सत्कार, दुकानाचं उद्घाटन, 14 फेब्रुवारी. 2005 नंतर राष्ट्रीय फलोत्पादन अभियानाच्या अनुदानातून राज्यभर पॉलिहाऊस उभी राहिली आणि जरबेरा, डच गुलाब आवाक्यात आले. त्याबरोबर फुलांच्या दांड्या खोचायचा हिरवा फोम आला. 1954 मध्ये अमेरिकेत निघालेली ही वस्तू, हल्ली तालुक्याच्या दुकानातही असते. तो फोम बादलीत दाबून भिजवायचा नाही, पाण्यावर सोडायचा आणि आपसूक बुडू द्यायचा. दाबला तर आत हवा अडकते आणि तिथे खोचलेली दांडी कोरडी पडते. सोपट भिजवणाऱ्या हाताला ही शिस्त नवी नव्हती. नवं होतं ते वेगळंच: हार गोल असतो, कुठूनही पाहा सारखा. स्टेजचा बॅकड्रॉप फक्त समोरून, कॅमेऱ्यातून पाहायचा असतो. मागची बाजू उघडी राहिली तरी चालते. काम वेगाने होऊ लागलं आणि त्याच मापाने ढिलं झालं, असं जुने फुलारी म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण एका रात्रीत पन्नास फुटी स्टेज सजवायचं असेल तर दुसरा मार्गही नाही. मोठ्या कामांना हंगामापुरते बाहेरचे कारागीर बोलवावे लागतात. नेत्यांच्या गळ्यात क्रेनने घालायचा हार ही या मापाच्या हव्यासाची पुढची पायरी. त्यात फूल किती आणि थर्माकोल किती, ते बांधणाऱ्यालाच ठाऊक.

25 मार्च 2020 ला गुढीपाडवा होता आणि त्याच दिवशी टाळेबंदी सुरू झाली. वर्षाचा पहिला मोठा बाजार आणि पाठोपाठची लग्नसराई, दोन्ही बुडाले. फुलांवर रोटाव्हेटर फिरवावे लागले. लग्नं परत सुरू झाली ती पन्नास माणसांची, आणि तेव्हा कापडी व प्लास्टिकच्या फुलांनी जी जागा घेतली ती पुरती सोडलेली नाही. एकदा घेतली की डेकोरेटर ती हंगामभर वापरतो, धुतो, पुन्हा लावतो. 1 जुलै 2022 पासून देशात एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या वस्तूंवर बंदी आली, त्या यादीत प्लास्टिकची फुलं नव्हती. फूलउत्पादकांनी त्यावर बंदीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचं दार ठोठावलं.

या भांडणात खानदेशचा फुलारी कोणाच्या बाजूने? उघडपणे शेतकऱ्याच्या. पण मे महिन्यात, पारा 45 वर असताना, दुपारच्या मुहूर्ताची ऑर्डर घेतलेली असेल तर त्याच्या गोदामातही कापडी फुलांच्या दोन पेट्या असतातच. दर्शनी भागाला खरा झेंडू आणि मोगरा, वरच्या अंगाला, जिथे हात पोचत नाही तिथे, कापडी. गिऱ्हाइकाला आधी सांगून, भावात तेवढी घट करून.