हात हलतो तेव्हा नेमकं काय बिघडतं?

मोबाईलवर काढलेला व्हिडिओ कॉम्प्युटरवर लावला की कधी कधी कुशीवर पडलेला दिसतो. माणसं भिंतीवरून चालल्यासारखी वाटतात. ही चूक रेकॉर्डिंगच्या पहिल्याच क्षणी झालेली असते. फोनमधला ॲक्सेलरोमीटर गुरुत्वाकर्षणाची ओढ पाहून 'खाली' कुठे ते ठरवतो. चित्र कॅमेऱ्याच्या सेन्सरवर, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपवर, पडलं तसंच साठवलं जातं आणि 'दाखवताना 90 अंश फिरवा' अशी सूचना फाइलला जोडली जाते. ही सूचना सहसा एकदाच, सुरुवातीला ठरते. त्यामुळे बटण दाबल्यावर फोन आडवा केलात तरी उपयोग नाही.

टेबलावरची वस्तू बरोबर वरून टिपताना तर हमखास घोळ होतो. फोन जमिनीला समांतर असला की चारपैकी कुठलीच कड 'खालची' ठरत नाही. अशा वेळी फोन आधी हवा तसा आडवा किंवा उभा धरा, पडद्यावरची चिन्हं फिरू द्या, रेकॉर्डिंग सुरू करा आणि मग हळूच खाली कलवा. उभा की आडवा हे व्हिडिओ कुठे पाहिला जाणार त्यावर ठरवा: 9:16 चा उभा व्हिडिओ 16:9 च्या टीव्हीवर जेमतेम 32 टक्के जागा व्यापतो.

आता थरथर. हात सरकण्यापेक्षा मनगट वळणं कितीतरी जास्त नडतं. फोनच्या नेहमीच्या लेन्सने 1920 पिक्सेल रुंदीचा व्हिडिओ काढताना 3 मीटरवरची वस्तू टिपत असाल, तर हात 1 मिलिमीटर सरकल्याने चित्र अर्धा पिक्सेलच हलतं. तोच हात 1 अंश वळला तर सुमारे 25 पिक्सेल! पाचपट झूमवर सव्वाशेच्या आसपास. म्हणून झूम करण्यापेक्षा चार पावलं पुढे जावं.

फोन दोन्ही हातांनी धरा, कोपरं बरगड्यांना टेकवा, पाय खांद्यांइतके फाकवा. बटण दाबताना लागणारा धक्का टळत नाही. तेव्हा आधी-नंतर तीन-तीन सेकंद जास्त घ्या आणि नंतर कापून टाका. कॅमेरा फिरवायचा असेल तर पावलं शेवटच्या दृश्याकडे रोखा, कंबरेतून मागे वळून सुरुवात करा आणि सावकाश सरळ व्हा. उलट केलंत तर शेवटी अंग पिळलेलं असतं आणि नेमकं तिथेच चित्र लटपटतं. घाईने फिरवलंत तर विजेचे खांब तिरके दिसतात, कारण सेन्सर चित्र एकदम न वाचता ओळीओळीने वाचतो.

फोनमधलं इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन (थरथर कमी करणारी सोय) जायरोस्कोपच्या, म्हणजे फोन किती वळला ते मोजणाऱ्या भागाच्या, नोंदी पाहून कडा कापतं आणि उरलेली चौकट उलट्या दिशेने सरकवतं. अंधारात मात्र त्याची मर्यादा उघडी पडते. एकेक फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं एकेक चित्र, टिपताना 1/30 सेकंद उघडी राहिली तर थरथर त्या फ्रेममध्येच फासली जाते. चौकट स्थिर होते, पण चित्र मधूनच पुसट होत राहतं. तिथे उजेड वाढवणं किंवा ट्रायपॉड लावणं, एवढंच हातात उरतं.

जवळून टिपताना हिशोब बदलतो. 10 सेंटिमीटरवरून मुंगी टिपत असाल, तर हात 1 मिलिमीटर सरकल्यानेही चित्र 14 पिक्सेल हलतं. तिथे कोपरं अंगाला टेकवून भागत नाही, मनगटच कशावर तरी टेकवावं लागतं.