चाचणीतला वाटा वेगळा, गटापुरता पुरावा वेगळा

लसीच्या चाचणीत अमेरिकेतल्या अल्पसंख्य गटांचा सहभाग पुरेसा होता का, असं विचारलं की दोन गोष्टींची हमखास गल्लत होते. एक, नोंदणीत त्या गटाचा वाटा किती टक्के. दुसरी, लस त्या गटात चालते याचा वेगळा पुरावा मिळाला का. पहिला आकडा नोंदवलेली माणसं मोजून निघतो. दुसरा निघतो आजारी पडलेल्यांवरून, आणि ते मोजकेच असतात.

फायझरची २०२० ची कोविड चाचणी पाहा. सुमारे ४३,५०० जण, त्यांत कृष्णवर्णीय साधारण ९ टक्के. अमेरिकेच्या लोकसंख्येत ते १३ टक्क्यांच्या आसपास आहेत. पण मुख्य निकाल ठरला फक्त १७० रुग्णांवर: लस घेतलेल्यांत ८, प्लासिबो (औषध नसलेलं नकली इंजेक्शन) घेतलेल्यांत १६२. परिणामकारकता ९५ टक्के. कृष्णवर्णीयांत हाच हिशोब ० विरुद्ध ७, म्हणजे चक्क १०० टक्के! मात्र कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा आकडा ज्या टप्प्यात असू शकतो तो पल्ला, ३१ ते १००. श्वेतवर्णीयांचे ९५.२ टक्के दिसायला कमी, पण तिथे इंटरव्हल ८९.८ ते ९८.१ इतका आवळलेला. कृष्णवर्णीयांचा वाटा १३ टक्के असता तरी त्यांच्यातले रुग्ण दहाच्या आसपासच भरले असते. म्हणजे वाट्याची तक्रार मिटली असती, पुराव्याची नाही.

वाट्याचा आकडाही जपूनच वाचावा लागतो. त्याच चाचणीत हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक, लॅटिन अमेरिकी मुळांचे) २८ टक्के दिसतात, पण सुमारे १५ टक्के सहभागी अर्जेंटिनातल्या एकाच केंद्रावरचे होते, आणि तिथे हिस्पॅनिक अल्पसंख्य नाहीत. शिवाय वंश आणि हिस्पॅनिक असणं हे दोन वेगळे प्रश्न असल्याने टक्क्यांची बेरीज शंभरावर जाते. अमेरिकेतला मराठी माणूस चिनी, कोरियन लोकांसोबत ‘एशियन’ या एकाच रकान्यात पडतो. त्या रकान्यावरून त्याच्याबद्दल वेगळं काही कळत नाही.

उलट चूक, म्हणजे एका गटाच्या मोजक्या रुग्णांवरून यश जाहीर करणं, एड्सच्या लसीबाबत झाली. २००३ मध्ये व्हॅक्सजेनची लस एकंदरीत निष्प्रभ ठरली (परिणामकारकता ३.८ टक्के), पण कंपनीने कृष्णवर्णीयांत ७८ टक्के परिणाम दिसल्याचं जाहीर केलं. तो उभा होता ३१४ जणांवर: प्लासिबोच्या १११ पैकी ९ बाधित, लसीच्या २०३ पैकी ४. अनेक उपगट तपासल्याचा हिशोब धरल्यावर तो दावा टिकला नाही. सहज गणित करा: परिणाम मुळीच नसताना २० स्वतंत्र उपगट ५ टक्क्यांच्या कसोटीवर (प्रत्येकात निव्वळ योगायोगाने ‘यश’ दिसण्याची शक्यता ५ टक्के) तपासले, तर निदान एकात ‘यश’ दिसण्याची शक्यता ६४ टक्के.

अमेरिकेच्या १९९३ च्या कायद्याने एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या निधीवरच्या चाचण्यांत अल्पसंख्यांचा समावेश आणि गटवार विश्लेषण, दोन्ही सक्तीचं केलं. पण त्या विश्लेषणाला मोठी सांख्यिकीय ताकद (फरक असल्यास तो पकडण्याइतकी माणसं) हवीच, असं बंधन नाही. त्यामुळे तक्ता भरला जातो, उत्तर मिळेलच असं नाही.

मॉडर्नाने सप्टेंबर २०२० मध्ये अल्पसंख्यांचं प्रमाण वाढवायला नोंदणीचा वेग मुद्दाम कमी केला. माझ्या मते ते योग्यच होतं: नेहमीचे दुष्परिणाम पाहायला आणि लोकांचा विश्वास बसायला वाटा कामी येतो. परिणाम गटागटांत वेगळा आहे का, हे पाहायला मात्र गटांची थेट तुलना करणारी इंटरॅक्शन चाचणी लागते. एकेका गटाची ओळ सुटी वाचून चालत नाही. रुग्ण थोडे असतील तर अँटिबॉडी मोजून आधीच सिद्ध झालेल्या निकालाशी तुलना करणारा ब्रिजिंग अभ्यास हा दुसरा मार्ग. पुण्याच्या सीरमने कोव्हिशिल्डसाठी १,६०० जणांच्या चाचणीतल्या सुमारे ४०० जणांवर तोच केला.