मृत्यूबद्दलची नुकसानभरपाई

दुसऱ्याच्या निष्काळजीपणामुळे किंवा कायद्याने दुसऱ्यावर जबाबदारी असलेल्या घटनेत कुणाचा मृत्यू झाला, तर मृताच्या कुटुंबीयांना दिवाणी मार्गाने मिळणारी रक्कम. दोषीला शिक्षा देणे हे फौजदारी न्यायालयाचे काम. इथे मोजमाप होते ते त्या माणसाबरोबर घरात यायचे थांबलेल्या पैशाचे. म्हणूनच अपघात करणाऱ्या वाहनाचा चालक फौजदारी खटल्यातून निर्दोष सुटला तरी भरपाईचा दावा आपोआप पडत नाही. दाव्यात संशयातीत पुरावा लागत नाही, अपघात दावेदार म्हणतो तसा घडल्याची शक्यता अधिक आहे एवढे दाखवले तरी पुरते.

इंग्लंडच्या जुन्या कायद्यात ही वाटच बंद होती. घोडागाडीच्या अपघातात पत्नी गमावलेल्या एका पतीच्या दाव्यात १८०८ मध्ये लॉर्ड एलनबरो यांनी निर्णय दिला की, माणसाचा मृत्यू ही दिवाणी न्यायालयात दाद मागण्याजोगी हानीच नव्हे. त्यामुळे एखाद्याला जायबंदी करणाऱ्याला पैसे मोजावे लागत आणि जिवे मारणारा मोकळा राही. पुढे रेल्वे आल्या, अपघात वाढले आणि १८४६ मध्ये लॉर्ड कॅम्पबेल यांच्या कायद्याने हा प्रकार थांबवला. त्याच धर्तीवर भारतात १८५५ चा प्राणांतिक अपघात कायदा आला. त्यात पती-पत्नी, आईवडील, मुले यांना हक्क मिळाला, पण भावाबहिणींना जागा नव्हती.

आज भारतातले असे बहुतेक दावे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर चालतात. अपघाताचे ठिकाण, अर्जदाराचे राहण्याचे ठिकाण किंवा सामनेवाल्याचे ठिकाण, यांपैकी कुठल्याही ठिकाणच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. अर्जदारांच्या यादीत सहसा पत्नीचे नाव पहिले असते आणि त्याखाली ‘अज्ञान’ म्हणजे १८ वर्षांखालील मुलांची नावे, त्यांची पालनकर्ती म्हणून पुन्हा तीच. सामनेवाले म्हणजे वाहनमालक, चालक आणि विमा कंपनी. खरी लढत बहुतेक वेळा विमा कंपनीशीच होते.

रक्कम ठरवण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने दोन टप्प्यांत बसवली: दिल्ली परिवहन महामंडळाविरुद्धच्या खटल्यात २००९ मध्ये आणि पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाच्या निकालाने ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी. समजा, ३४ वर्षांचा रिक्षाचालक अपघातात गेला. कमाई महिना २०,००० रुपये. मागे पत्नी, दोन मुले आणि आई. वय ४० च्या आत आणि धंदा स्वतःचा, म्हणून भविष्यातल्या वाढीपोटी ४० टक्के धरले की २८,००० होतात. आश्रित चार, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला की २१,००० उरतात, म्हणजे वर्षाला २,५२,०००. ही रक्कम किती पट धरायची तो आकडा म्हणजे गुणक, वयावरून ठरणारा. ३१ ते ३५ वयाला गुणक १६. गुणाकार ४०,३२,००० रुपये. त्यावर अंत्यविधी आणि मृताच्या मागे राहणाऱ्या मालमत्तेची हानी यांचे प्रत्येकी १५,००० आणि सहवासाला मुकल्याबद्दल ४०,००० ही २०१७ ची ठरीव रक्कम, दर तीन वर्षांनी १० टक्क्यांनी वाढणारी. सहवासाचा हक्क २०१८ पासून मुलांना आणि आईवडिलांनाही मानला जातो. गुणक विशी-पंचविशीत १८ असतो, तो उतरत उतरत सत्तरीजवळ ५ वर येतो. मृत अविवाहित असेल तर सहसा निम्मी कमाई त्याचा स्वतःचा खर्च म्हणून वजा होते.

हे गणित तिसरीतले मूलही करील. अडते ते पहिल्याच आकड्यापाशी. नोकरदाराचे पगारपत्रक असते. वडापावच्या गाडीवाल्याने, गवंड्याने, दूध घालणाऱ्याने कमाई कशी दाखवायची? दूध संस्थेच्या पावत्या, बँकेचे पासबुक, ठेकेदाराची साक्ष जे मिळेल ते वकील जोडतो, आणि काहीच नसले तर न्यायाधिकरण किमान वेतनाच्या आसपास अंदाजे उत्पन्न धरते. शेतकऱ्याच्या बाबतीत युक्तिवाद आणखी वेगळा असतो: जमीन वारसांकडेच राहिली, तेव्हा बुडाली ती फक्त देखरेख. सातबारा तसाच राहतो हे खरे. पण पाळीच्या रात्री शेताला पाणी द्यायला आता मजूर लावावा लागतो, ही गोष्ट सातबाऱ्यावर दिसत नाही.

गृहिणीच्या मृत्यूच्या दाव्यांत तर कायद्याला बराच काळ नीट उत्तर देता आले नाही. १९९४ मध्ये मोटार वाहन कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात न कमावत्या व्यक्तीचे उत्पन्न वर्षाला १५,००० धरले होते आणि न कमावत्या जोडीदाराचे कमावत्याच्या एकतृतीयांश. म्हणजे बाईच्या कष्टाची किंमत नवऱ्याच्या पगारावरून ठरणार. जमशेदपूरच्या ३ मार्च १९८९ च्या आगीसंबंधी २००१ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने ३४ ते ५९ वयाच्या गृहिणींच्या कामाचे मोल महिना ३,००० धरले. जनगणनेत गृहिणींना भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत बसवल्याबद्दल २०१० च्या एका निकालात न्यायालयाने कानउघाडणी केली. जानेवारी २०२१ च्या निकालात २०१९ च्या वेळ-वापर पाहणीचा आधार घेतला गेला: बिनपगारी घरकामात बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवते, पुरुष ९७. गृहिणीच्या अंदाजित उत्पन्नावरही भविष्यातली वाढ धरायची, हे तिथे पक्के झाले. मुलांच्या मृत्यूत मात्र हिशोब अजून ओढूनताणूनच होतो. १० वर्षांच्या मुलाबद्दल २०१३ मध्ये वर्षाला ३०,००० अंदाजित उत्पन्न धरून एकूण ५ लाख दिले गेले.

दावा कोण करू शकतो, याचा अर्थ न्यायालयांनी सैल ठेवला आहे. गुजरात एसटीच्या १९८७ च्या खटल्यात भावाचा हक्क मान्य झाला, पुढे विवाहित मुलीचा, आणि २०२१ मध्ये जावयावर अवलंबून असलेल्या सासूचाही. आयुर्विम्याचे पैसे भरपाईतून कापायचे नाहीत, हे महाराष्ट्र एसटी महामंडळाविरुद्धच्या १९९८ च्या निकालाने ठरले. मृताचीही चूक असेल तर तेवढ्या प्रमाणात रक्कम घटते. चालकाकडे वैध परवाना नसला तरी न्यायाधिकरण बऱ्याचदा कंपनीला आधी पैसे भरायला आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगते. वारसांच्या दृष्टीने ही मोठी सोय, कारण मालकाविरुद्ध दरखास्त, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावून हाती फारसे लागत नाही. अज्ञान मुलांचा वाटा बँकेत मुदत ठेवीत राहतो.

मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने, जी या बाबतीत १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली, चूक कुणाची हे न पाहता मृत्यूबद्दल ५ लाख आणि वाहन सापडलेच नाही तर २ लाख (पूर्वी २५,०००) अशी तरतूद केली. त्याच दुरुस्तीने दाव्याला अपघातापासून ६ महिन्यांची मुदत घातली. सुतक, पंचनाम्याच्या नकला, वारसाचे दाखले यांतच पहिले काही महिने निघून जातात, हे कायदा करणाऱ्यांच्या ध्यानात आलेले दिसत नाही. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे.

रस्त्याबाहेरच्या मृत्यूंना वेगळ्या वाटा आहेत. उपचारातल्या हलगर्जीबद्दल ग्राहक आयोगाकडे जाता येते. तुटलेल्या वीजतारेने कुणी दगावले तर वीज मंडळाला आपली चूक नव्हती असे म्हणून सुटता येत नाही, हे मध्य प्रदेश वीज मंडळाविरुद्ध २००२ मध्ये ठरले. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ माणसे मेली. उच्च न्यायालयाने प्रौढांच्या वारसांना दिलेले १८ लाख सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये १० लाखांवर आणले.

मुंबईकरांशी सर्वांत जवळचा संबंध रेल्वे दावा न्यायाधिकरणाचा. लोकलमधून पडून मृत्यू झाल्यास १ जानेवारी २०१७ पासून ठरीव ८ लाख मिळतात, मग पगार कितीही असो. रेल्वेची चूक दाखवावी लागत नाही. मृत हा रीतसर प्रवासी होता एवढे मात्र लागते. तिकीट किंवा पास सापडला नाही म्हणून दावा फेटाळता येत नाही, असे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले: वारसांनी प्रतिज्ञापत्र केले की पुढे ते खोडून काढणे रेल्वेकडे जाते. रूळ ओलांडताना गाडीखाली आलेल्याच्या घरच्यांना हा मार्ग खुला नाही.