जंतूला एकटं औषध भेटू द्यायचं नाही

औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचा विषय निघाला, की पहिलं बोट रुग्णाकडे जातं. ‘जरा बरं वाटलं की गोळ्या सोडतात हो!’ हे खोटं नाही, पण अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं समजायला थोडा गुणाकार करावा लागतो.

जंतूंची संख्या वाढताना त्यांच्या जनुकांत चुका होत राहतात, आणि त्यातली एखादी चूक नेमकी एखाद्या औषधाला निकामी करणारी निघते. क्षयाची दोन मुख्य औषधं घ्या: आयसोनियाझिडला न जुमानणारा जंतू साधारण १० लाखांत एक, रिफाम्पिसिनला न जुमानणारा १० कोटींत एक. क्षयाने पोखरलेल्या फुप्फुसातल्या एका पोकळीत १० कोटी जंतू सहज असतात. म्हणजे पहिली गोळी पोटात जाण्याआधीच आयसोनियाझिडला पुरून उरणारे शंभरेक जंतू तिथे हजर असतात. तेवढं एकच औषध दिलं, तर बाकीचे मरतात आणि या शंभरांना रान मोकळं मिळतं. दोन्ही औषधं एकदम दिली, तर दोन्हींना पुरून उरणारा एक जंतू सापडायला एकावर चौदा शून्यं इतके जंतू हवेत. तेवढे कुणाच्या छातीत नसतात.

ब्रिटनमध्ये एकटं स्ट्रेप्टोमायसिन देऊन केलेल्या आणि १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हे उघड्या डोळ्यांनी दिसलं. औषध मिळालेल्या ५५ जणांपैकी सहा महिन्यांत ४ दगावले. नुसत्या विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ जणांपैकी १४. केवढा आनंद झाला असेल! पण बहुतेकांच्या थुंकीतले जंतू काही महिन्यांतच स्ट्रेप्टोमायसिनला दाद देईनासे झाले, आणि पाच वर्षांनी पाहिलं तेव्हा दोन्ही गटांतल्या मृत्यूंत फारसा फरक उरला नव्हता.

तेव्हापासून नियम एकच: जंतूला एकटं औषध भेटू द्यायचं नाही. नियम साधा आहे, पण तो देशभर पाळायचा तर काम येऊन पडतं औषध खरेदीच्या खात्यावर, गोदामावर आणि प्रयोगशाळेवर. नेहमीच्या उपचारातल्या चार औषधांपैकी एका गोळीचा साठा संपला, एखाद्या गोळीत औषधाचं प्रमाण कमी भरलं, किंवा रुग्णाचे जंतू त्यातल्या दोन गोळ्यांना आधीच जुमानत नाहीत हे तपासलंच नाही, की रुग्णाने कितीही इमानेइतबारे गोळ्या घेतल्या तरी नियम मोडलेला असतो.

कधी तो खुद्द धोरणानेच मोडला. कितीतरी देशांत वर्षानुवर्षं अशी रीत होती, की पहिला उपचार फसला तर त्याच औषधांत स्ट्रेप्टोमायसिनची भर घालून पुन्हा सुरुवात करायची. जुनी औषधं निकामी झालेली असतील, तर ही नव्या औषधाला एकटं पाठवण्याचीच तऱ्हा. जागतिक आरोग्य संघटनेने हा उपचार बंद करायला सांगितलं ते २०१७ मध्ये. फार उशीर केला, असं माझं मत.

उशिराला एक कारणही होतं. थुंकीतले जंतू वाढवून त्यांच्यावर औषधं तपासायची, यात आठवडे जात. २०१० च्या अखेरीस याच संघटनेने जनुकीय चाचणीला मान्यता दिली आणि चित्र पालटलं. बेडक्यात एक द्रव मिसळायचा, हलवायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, मग ते मिश्रण हाताच्या मुठीत मावेल एवढ्या काडतुसात घालून यंत्रात ठेवायचं. दोन तासांच्या आत पडद्यावर उत्तर येतं: क्षय आहे का, आणि रिफाम्पिसिन चालेल का. पण हे यंत्र दवाखान्यात असून भागत नाही. पहिली गोळी देण्याआधी प्रत्येकाचा बेडका त्यात जायला हवा. कारण औषधांना न जुमानणारा क्षय आज बहुतेकांना उपचारातल्या चुकीमुळे होत नाही. तो दुसऱ्याकडून तसाच्या तसा येतो. ज्याने आयुष्यात क्षयाची एक गोळी घेतली नाही, त्यालाही.

दक्षिण आफ्रिकेतल्या टुगेला फेरी इथे २००५-०६ मध्ये जवळपास कुठल्याच औषधाला दाद न देणारा क्षय ५३ जणांत सापडला. त्यातले ५२ दगावले. एचआयव्हीची तपासणी झालेले सगळे बाधित होते, आणि लागण बरीचशी रुग्णालयातच झाल्याची चिन्हं होती. म्हणजे रुग्णालयाच्या खिडक्या हाही धोरणाचाच भाग. पेरूची राजधानी लिमा इथे मोजमाप केलं, तर उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या वॉर्डांत हवा नव्या बांधणीच्या वॉर्डांपेक्षा चांगली खेळत होती.

पुढे दक्षिण आफ्रिकेनेच वाट दाखवली. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाच्या तोवरच्या उपचारात महिनोन्‌महिने रोज इंजेक्शनं घ्यावी लागत, आणि त्यांपायी कित्येकांची ऐकण्याची शक्ती कायमची जाई. आधी कानात घंटी वाजल्यासारखं होई, मग बारीक आवाज हरवत, शेवटी समोरच्याचं बोलणं. बेडाक्विलिन ही नवी गोळी घेणाऱ्यांत मृत्यू कमी होतात हे आपल्याच रुग्णांच्या नोंदींतून दिसल्यावर त्या देशाने २०१८ मध्ये इंजेक्शनांच्या जागी हे औषध आणलं. २०२२ पासून तर चार औषधांचा, फक्त गोळ्यांचा, सहा महिन्यांचा उपचार जागतिक शिफारशीत आहे. तरी २०२३ मध्ये असा क्षय झालेल्या अंदाजे ४ लाख लोकांपैकी पाचांतल्या दोघांपर्यंतच उपचार पोचले.

आणि बेडाक्विलिनला न जुमानणारे जंतूही आता सापडू लागले आहेत. दोन तासांत उत्तर देणाऱ्या त्या काडतुसाला रिफाम्पिसिनचं कळतं, बेडाक्विलिनचं कळत नाही. त्यासाठी अजूनही बहुतेक ठिकाणी जंतू वाढवून, आठवडे वाट पाहावी लागते.