एक लिटर टाकून ॲव्हरेज कळत नाही

परभणी असो की जालना, दुचाकीच्या गॅरेजवर सल्ला एकच: "गाडी रिझर्व्हला येऊ द्या, एक लिटर टाका, परत रिझर्व्हला आली की किलोमीटर मोजा. तेच ॲव्हरेज."

ते तसं नाही. रिझर्व्ह लागणं ही काही पक्की खूण नव्हे. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत टाकीतल्या पाइपची उंची ठरलेली असते, पण चढ, वळण, खड्डे यांनी पेट्रोल हिंदकळलं की गाडी आधी किंवा उशिरा गचके देते. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 (प्रदूषणाच्या नव्या नियमाच्या) गाड्यांना बहुतेक रिझर्व्हची कळच नाही. तिथं तरंगणाऱ्या फ्लोटवर दिवा लागतो, आणि साइड स्टँडवर गाडी कलली तरी काटा हलतो.

हिशोब बघा. खरं ॲव्हरेज 55, आणि खुणेत फरक फक्त 100 मिली. एका लिटरच्या मोजणीत आकडा थेट साडेपाच किलोमीटरनं चुकतो. मग पठ्ठ्या पंपवाल्यावर संशय घेतो!

त्यापेक्षा गाडी मेन स्टँडवर लावा, नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरा, मीटर लिहून ठेवा. तीनेकशे किलोमीटर रोजच्यासारखी चालवा, त्याच पंपावर तसंच भरा. 318 किलोमीटरला 5.8 लिटर बसलं तर ॲव्हरेज 54.8. इथं तेच 100 मिली चुकले तरी फरक जेमतेम एक किलोमीटरचा.

तोंडापर्यंत मात्र भरू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीतलं पेट्रोल फुगतं.