कुत्र्याची बाटली मांजरीला चालत नाही

नमस्कार मंडळी. आमच्या जनावरांच्या औषधांच्या दुकानात काउंटरवर दिवसातून दहा वेळा ऐकू येतं, "भाऊ, खुजलीचं काहीतरी द्या ना." कोणाला म्हणून विचारलं की उत्तर, "अहो घरात सगळ्यांनाच आहे, कुत्र्याला पण आणि पोरांना पण." आता इंदूरात बहुतेक घरांत एक कुत्रा, कुठे मांजर, आणि गल्लीतली गाय रोज पोळी खायला दारात, मग एकच बाटली सगळ्यांना पुरेल असं वाटणारच, पण तसं होत नाही, म्हणून हे पत्रक पिशवीत टाकतोय. फेकू नका, फ्रिजवर लावा.

आधी मांजर, कारण सगळ्यात वाईट घोटाळा तिथेच होतो. मागच्या पावसाळ्यात एक काकू कुत्र्याच्या मानेवर टाकायचे गोचीडाचे थेंब घेऊन गेल्या, थोडे उरले ते मांजरीला लावले, वाया कशाला घालवायचे म्हणून. संध्याकाळी मांजरीचे कान फडफडायला लागले, मग पाय थरथरले, मग सगळं अंग. रात्री डॉक्टरांकडे पळापळ, वाचली बिचारी. त्या थेंबांत परमेथ्रिन नावाचं किडे मारायचं औषध होतं. माणसाच्या खरजेच्या क्रीममध्ये तेच 5 टक्के असतं आणि आपल्याला काही होत नाही, कुत्र्याच्या थेंबांत ते कितीतरी पट जास्त असतं तरी कुत्र्याला चालतं, पण मांजरीचं लिव्हर ते फोडूच शकत नाही. चुकून लागलंच तर कोमट पाणी आणि भांड्याचा लिक्विड साबण लावून धुवा आणि लगेच डॉक्टर गाठा, आणि झटके सुरू झाले असतील तर धूत बसू नका, आधी डॉक्टर. फिनाइलचंही तेच, पाण्यात टाकलं की दुधासारखं होतं ना ते, त्याने पुसलेल्या ओल्या फरशीवर मांजर चालते आणि मग पंजे चाटते.

गोचीड शोधायचा तर कानाच्या आत, पट्ट्याखाली, बोटांच्या बेचक्यात बघा. रक्त पिऊन फुगलेली मादी अगदी एरंडीच्या बीसारखी दिसते. ती खाली पडून भिंतीच्या फटीत हजारोंनी अंडी घालते, म्हणून नुसता कुत्रा आंघोळ घालून उपयोग नाही, फटी, बिछाना, गॅलरीचे कोपरे पण साफ करावे लागतात. रॉकेल ओतू नका, काडी लावून जाळू नका, चिमट्याने अगदी कातडीलगत धरा आणि सरळ वर ओढा. नंतर ताप आला, हिरड्या पांढऱ्या पडल्या, लघवी गडद झाली, कुत्रा खायला उठेना, तर रक्त तपासून घ्या, गोचीडाचा ताप असू शकतो.

आता माणसांची खरूज. आम्ही जनावरांचं दुकान, पण विचारायला सगळे आमच्याकडेच येतात! रात्री खाज वाढते, बोटांच्या मध्ये, मनगटावर, बेंबीभोवती बारीक पुरळ, आणि घरात दोघा-तिघांना एकदम, तर बहुधा तीच. पहिल्यांदा होते तेव्हा किडा अंगात शिरल्यावर खाज सुटायला 4 ते 6 आठवडे लागतात, म्हणजे "मला तर काही नाही" म्हणणारा माणूसही घेऊन फिरत असतो. म्हणून डॉक्टरांनी क्रीम दिलं की घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, मानेपासून पायाच्या नखांपर्यंत, सकाळी धुवायचं, आठवड्याने परत. (तान्ही बाळं आणि गरोदर बायका यांचं डॉक्टरच ठरवतील.) चादरी-कपडे गरम पाण्यात, जे धुता येत नाही ते पिशवीत बांधून निदान 3 दिवस ठेवा, अंगाबाहेर तो किडा जास्त जगत नाही. औषधानंतरही 2 ते 4 आठवडे खाज राहते, घाबरून रोज क्रीम थापू नका. कुत्र्याच्या खरजेचा किडा वेगळा, तो आपल्याला चावतो, पुरळ आणतो, पण आपल्यावर वाढत नाही, कुत्रा बरा झाला की आपलंही जातं.

नायटा म्हणजे आपण ज्याला दाद म्हणतो, ती बुरशी आहे, मांजरीच्या पिल्लांकडून पोरांना सर्रास लागते. तीन औषधं एकत्र असलेली स्टेरॉइडची ट्यूब लावली की दोन दिवसांत लाली जाते, माणूस खूश, आणि आत बुरशी मजेत पसरते. ही ट्यूब स्वतःच्या मनाने घेऊ नकाच.

आणि उवा कुत्र्यापासून येत नाहीत हो, उगाच त्याला बोल लावू नका.

जखम झाली की उन्हाळा-पावसाळ्यात माशी बसते, अंडी घालते, आणि दिवसभरात अळ्या. गाईच्या जखमेत टर्पेंटाइनचा बोळा ठेवतात तो कुत्र्या-मांजरावर घरी करून बघू नका, चाटलं की पोटात जातं. मिठाच्या पाण्याने धुवा, जखम झाका, आणि डॉक्टरांकडून अळ्या काढून घ्या, सगळ्या, एकही आत राहता कामा नये.

कुत्रा चावला तर मिरची, हळद, चुना, तेल काही नाही. नळाखाली साबणाने 15 मिनिटं, घड्याळ लावून. मग त्याच दिवशी रेबीजची लस, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, पहिल्या लसीचा दिवस म्हणजे 0. स्नायूत घेतली तर 0, 3, 7, 14 आणि 28व्या दिवशी, कातडीत घेतली तर 0, 3, 7 आणि 28. रक्त आलं असेल तर जखमेत सिरम पण लागतं, तिथे विचारा. ओरखड्यावर चाटलं तरी जाऊन या.

2022 मधल्या गाईंच्या लंपी आजारानंतर अजूनही विचारतात, तर तो आजार माणसाला लागत नाही, दूध उकळून प्या.

दुकानात येताना चट्ट्याचा फोटो दिवसाउजेडी काढून आणा, जनावराचं वजन आणि वय सांगा, घरात मांजर आहे का तेही सांगा, आणि आधी काही लावलं असेल तर त्याचा रिकामा खोका आणा, नाव आठवत बसायची गरज नाही.